मित्र, सखा आणि मैत्रीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे लेखी रूप)

अध्यक्षीणबाई, कार्यवाहबाई आणि जमलेल्या सर्व मैत्रिणींनो,

पहिल्याच ओळीत मी अडखळले, हे तुमच्या लक्षात आले असेल. 'अध्यक्षीणबाई' म्हणावे तर अध्यक्षांच्या पत्नी असा कोणाचा समज व्हायचा. 'अध्यक्षा' म्हणावे तर आपल्या बाईंनाच ते आवडत नाही. नुसते 'अध्यक्ष' म्हणावे तर इतकी वर्षे चालत आलेल्या या बायकांच्या मंडळात मध्येच एक पुरुष येऊन बसल्यासारखा वाटतो. कार्यवाह या शब्दाची गंमत आणखी निराळी. त्याला कोणी 'ईण' लावली नाही की 'आ' लावला नाही. काम इतके असते की लिंगाचा विचार करायला सवड झाली नसावी.

पस्तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले. तेव्हा माझ्याकडून आज पाककृतीची किंवा प्रवासवर्णनाची अपेक्षा नसावी. व्याकरणच ऐकावे लागेल. फक्त एकाच शब्दाचे सांगते, आणि तो शब्द आपल्या सर्वांच्या घरातला आहे.

त्याचे निमित्त माझ्या नातीने दिले. ती जर्मनीत शाळेत जाते आणि तिकडे तिला लॅटिन आहे. आपल्याकडे आठवीला संस्कृत घेतात, तसेच. एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "आजी, लॅटिनमध्ये मित्र म्हणजे आमीकुस आणि मैत्रीण म्हणजे आमीका. पण आमच्या बाई म्हणाल्या, आमीका शब्द जपून वापरायचा. असं का ग?"

का ते मला तेव्हा सांगता आले नाही. मग तिच्याच पुस्तकांतून आणि थोडे इकडून तिकडून मी शोधले. प्रेम करणे या अर्थाचा 'आमो' हा लॅटिन धातू आहे, त्याच्याच कुळातले हे शब्द. शेवट 'उस' असेल तर पुरुष, 'आ' असेल तर स्त्री. आपल्या 'देवः' आणि 'देवी'इतके सोपे. पण रोमन लोकांच्या तोंडी 'आमीकुस' म्हणजे भरवशाचा माणूस, राजकारणातला सोबती, पुढे बादशहाच्या सल्लागारांनाही हाच शब्द लागला. आणि 'आमीका'? प्लाउटुस आणि टेरेन्स यांच्या नाटकांत हा शब्द येतो तो बहुतेक वेळा एखाद्या तरुणाने ठेवलेल्या बाईसाठी. शब्द एक, धातू एक, प्रत्यय तेवढा बदलला आणि सभागृहातला मनुष्य माडीवर जाऊन बसला. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसरोने मैत्रीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात बोलणारे पुरुष आणि ज्यांच्या मैत्रीविषयी बोलायचे तेही पुरुषच.

आणखी एक बारीक गोष्ट. लॅटिनमध्ये 'मित्रांना' आणि 'मैत्रिणींना' या दोहोंचे रूप एकच होते, 'आमीकीस'. हीच अडचण मुलगे आणि मुली, देव आणि देवी यांच्या बाबतीतही येई. तिथे रोमनांनी मुद्दाम 'मुलींना' आणि 'देवींना' यांसाठी निराळी रूपे केली, म्हणजे घोटाळा नको. मैत्रिणींसाठी व्याकरणाच्या पुस्तकांत तशी सोय नाही. कोणाला गरज भासली नसावी.

हे सर्व नातीला कळवले. तर ती म्हणते, "म्हणजे आमच्या इथल्यासारखंच! इथे मुलगा 'माझी मैत्रीण' म्हणाला की लोक वेगळंच समजतात." यावर मी गप्प बसले. कारण लक्ष्मी रोडला दोन बायका बोलत असताना 'त्याची मैत्रीण आहे म्हणे' हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते, हे मला जर्मनीतून कळायला नको होते. आणि 'सखी'चे तरी काय? संस्कृत नाटकात शकुंतलेच्या सख्या किती प्रेमळ, किती शहाण्या! तोच शब्द लावणीत शिरला की नायकाच्या तोंडी जातो आणि त्याचा रंग पालटतो.

पण मराठीची गोष्ट लॅटिनपेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि मला ती अधिक आवडते.

आपला 'मित्र' संस्कृतातून आला. संस्कृतात 'मित्रम्' म्हणजे स्नेही, आणि तो नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगी 'मित्रः' म्हणजे सूर्य. सूर्यनमस्कारातले पहिले नाव तेच. वर्गात हे सांगितले की मुली हसत. गळ्यात गळा घालून फिरणारा रामा आणि गोविंदा नपुंसकलिंगी, आणि शत्रू मात्र 'अमित्रः', तो पुल्लिंगी! यामागे कारण आहे. शस्त्र, वस्त्र, पात्र हे शब्द पाहा. ज्याने एखादी क्रिया साधते त्या साधनाला हा 'त्र' लागतो आणि तसे शब्द बहुधा नपुंसकलिंगी असतात. 'मित्र' या शब्दाचा मूळ अर्थ माणूस नसून करार, बांधिलकी असा होता, असे पुष्कळ भाषापंडित मानतात. जुन्या इराणी भाषेतला याचा भाऊबंद शब्दही करार या अर्थाचाच आहे. दोघांना बांधते ते मित्र. मग बांधले जाणारे पुरुष आहेत की बायका, हा प्रश्नच उरत नाही. संस्कृतात 'ती माझे मित्र आहे' हे वाक्य अगदी शुद्ध आहे.

मराठीत येताना काय झाले? मराठीला तीन लिंगे आहेत, नपुंसकही आहे, तरी 'ते मित्र' असे काही राहिले नाही. 'तो मित्र' झाला. आणि तो झाल्याबरोबर निम्मी माणसे शब्दाबाहेर पडली. त्यांच्यासाठी मग 'मैत्रीण' घडवावी लागली. 'मैत्र' हा जुना शब्द, पसायदानातला. त्याला 'ईण' जोडली.

या 'ईण'वर मी थोडी रेंगाळणार आहे. सुताराची सुतारीण, पाटलाची पाटलीण, कुळकर्ण्याची कुळकर्णीण, भटाची भटीण. हा प्रत्यय पुष्कळदा 'अमक्याची बायको' एवढेच सांगतो. पाटलिणीने पाटीलकी केलेली नसते. मालकीण आणि मास्तरीण हे शब्द दोन्हीकडे चालतात. स्वतः शिकवणारीही मास्तरीण आणि मास्तरांच्या घरी पोळ्या लाटणारीही मास्तरीण. माझ्या लहानपणी 'डॉक्टरीणबाई' ऐकले की विचारावे लागे, औषध देणाऱ्या की डॉक्टरांच्या?

आता 'मैत्रीण' पाहा. मित्राच्या बायकोला कोणी कधी मैत्रीण म्हटले आहे काय? मुळीच नाही, ती वहिनी. आणि मैत्रिणीचा नवरा भावोजी. मैत्रीण हा शब्द कोणाच्या मागून चालत येत नाही. तो सरळ दोन माणसांतला आहे. सोबतीण, शेजारीण हेही तसेच. एवढ्या सगळ्या 'ईण'वाल्या बायकांत या तिघी तेवढ्या आपल्या पायांवर उभ्या आहेत, असे मला वाटते. आमच्या वेळच्या व्याकरणाच्या पुस्तकांत हे असे मांडलेले नसे, त्यामुळे मांडणी चुकली असेल तर ती माझी.

दोस्त आणि यार यांचे उलटे झाले. हे फारसीतले. फारसीला व्याकरणातले लिंगच नाही. तो आणि ती यांना एकच सर्वनाम. तिकडे दोस्त कोणीही असावा. आपल्याकडे आला आणि लगेच पागोटे बांधून 'तो' झाला. खेळातला 'गडी' मात्र शहाणा निघाला. खो-खोच्या मुलींच्या सामन्यातही 'गडी बाद' होतो. गडीण बाद झाल्याचे मी ऐकलेले नाही. आणि आमच्या आज्या एकमेकींना 'चल गडे' म्हणत, तेव्हा आपण पुल्लिंगी शब्दाचे संबोधन वापरतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे.

बोलीत आपण आणखी एक सुंदर गोष्ट करतो. दोन पुरुष असले तर 'ते दोघे', दोन बायका असल्या तर 'त्या दोघी', आणि एक तो व एक ती असेल तर 'ती दोघं'. लॅटिनमध्ये शंभर बायकांत एक पुरुष शिरला की सगळा घोळका पुल्लिंगी होतो. आपण तसे करत नाही. आपण दोघांनाही थोडे सरकायला लावतो आणि मधल्या ओसरीवर बसवतो.

आता 'सखा' या शब्दाकडे येते. ही गोष्ट आपल्या पेठेतल्या प्रत्येक मंगल कार्यालयात दर मुहूर्ताला घडते आणि ऐकू कोणालाच येत नाही, कारण त्या वेळी बँडवाला तरी वाजवत असतो नाही तर पंगतीची घाई असते.

सप्तपदीत वर वधूला एकेक पाऊल टाकायला सांगतो. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, असे करीत सातव्या पावलाला तो तिला आपली मैत्रीण हो म्हणतो. म्हणजे आपण अर्थ सांगताना असे सांगतो. परंतु आश्वलायन गृह्यसूत्रात, आणि पुण्यातल्या पुष्कळ घरांत त्याप्रमाणेच चालते, त्या ठिकाणी शब्द 'सखी' असा नाही. 'सखा' असा आहे. वधूला, शालू नेसून उभ्या असलेल्या त्या मुलीला, सरळ पुल्लिंगी शब्द!

माझे लग्न १९६९ साली याच पेठेत झाले. तेव्हा मला हे ऐकू आले नाही. पुढे एम.ए.चा अभ्यास करताना पाणिनीवरची 'काशिका' ही सातव्या शतकातली टीका वाचत होते. पाणिनीचे एक सूत्र सांगते की बोलण्याच्या भाषेत 'सखी' असे स्त्रीलिंगी रूप होते. टीकाकार विचारतो, 'बोलण्याच्या भाषेत' असे का म्हटले? आणि उत्तरादाखल पुढे काय ठेवतो, तर सप्तपदीतले सातवे पाऊल! वेदात स्त्रीलाही 'सखा'च म्हणतात, म्हणून. खरेच आहे ते. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात उषेला अश्विनीकुमारांची 'सखा' म्हटले आहे. उषा तर देवी. सखीपण निराळे काढायची गरज त्या काळी भाषेला पडली नव्हती, पुढे पडली.

त्या रात्री मी यजमानांना म्हटले, "तुम्ही लग्नात मला सखा म्हणाला होता."

ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "म्हणालो असेन. भटजी म्हणतील ते म्हणत होतो."

आपल्या पेठेला या बाबतीत एक मान आहे. उद्यान प्रसाद कार्यालयात शंकरराव थत्ते, म्हणजे मामा थत्ते, यांनी १९७० नंतरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली आणि पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही ते काम हाती घेतले. आता वधूला 'सखा' म्हणण्याचा मंत्र कित्येकदा बाईच सांगते. तिला काय म्हणावे हे मात्र अजून ठरत नाही. 'भटीण' म्हणता येत नाही, ती भटाची बायको. 'स्त्री-पुरोहित' म्हणतात, 'पुरोहिता' म्हणतात, आमच्या वाड्यातल्या आजी 'भटजीबाई' म्हणत. शेवटी प्रत्यक्ष लग्नात सगळे 'गुरुजी' म्हणून हाक मारतात, आणि त्या वळून बघतात. न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या वकिलालाही लॅटिन 'अ‍ॅमिकस क्युरी' म्हणजे न्यायालयाचा मित्र म्हणतात. तिथे बाई वकील असली तरी शब्द बदलत नाही. बदलला असता तर रोमन प्रेक्षक हसले असते, हे आता तुम्हाला कळले आहे.

त्याच सूत्राविषयी एक गोष्ट मी आजवर वर्गात सांगितली नाही. पाणिनीने त्या एका सूत्रात दोनच शब्द दिले आहेत. एक 'सखी'. दुसरा 'अशिश्वी', म्हणजे जिला मूल नाही अशी स्त्री. दोन्ही रूपे नेहमीच्या नियमात बसत नाहीत, म्हणून शेजारी बसवली, इतकेच. पण मला ते सूत्र वाचताना दर वेळी एकच व्यक्ती आठवते.

ती माझी शाळेपासूनची सोबतीण. पेरुगेटापासून नागनाथ पारापर्यंत आम्ही किती वर्षे चालत गेलो, त्याला हिशेब नाही. तिने लग्न केले नाही. टपाल खात्यात नोकरी केली, आईवडिलांचे केले, आता एकटी राहते. माझे यजमान गेल्यावर महिनाभर ती माझ्याकडे झोपायला येत होती. बोलत काही नसे. सकाळी दूध तापवून जात असे.

गेल्या श्रावणात ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. मी तिला रुग्णालयात नेले. नाव सांगत नाही. सगळीकडे तेच होत असावे. अर्जावर रुग्णाचे नाव, वय, पत्ता लिहिला. पुढे 'सोबत असणाऱ्या व्यक्तीचे नाव' आणि 'नाते'. मी 'मैत्रीण' लिहिले. खिडकीतला मुलगा चांगला होता, आवाजही मऊ होता. म्हणाला, "आजी, मैत्रीण चालत नाही. नातेवाईक लागतो."

मी म्हटले, "तिचा भाचा नागपूरला आहे. फोन लागत नाही."

"मग बहीण लिहा. कोण बघतंय?"

साठ वर्षांहून अधिक काळ जिच्याशी मी कधी खोटे बोलले नाही, तिच्याविषयी मी तिथे खोटे लिहिले. 'मैत्रीण'वर आडवी रेघ मारली आणि वर 'बहीण' लिहिले. जन्मभर मुलींच्या वह्यांत लाल रेघा मारल्या; ही एकच रेघ मारताना हात थांबला.

पुढचे अधिक वाईट आहे. संध्याकाळी डॉक्टर आले. परिचारिकेने दाराशी येऊन विचारले, "एकवीस नंबरच्या बहीण कोण आहेत?" मी समोरच्या बाकावर बसले होते. आणि मी उठले नाही. खरोखर माझ्या ध्यानातच आले नाही. तिला बहीण नाही, हे मला इतके पक्के माहीत होते की मी हातातली पिशवी नीट करीत राहिले. दोनदा विचारून ती गेली. संमतीच्या कागदावर सही राहिली, डॉक्टर दुसरीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची शस्त्रक्रिया त्याच्या पुढच्या दिवसावर गेली. एक पूर्ण दिवस आणि रात्र ती त्या वेदनेत पडून होती. रात्री मी तिला सांगितले, असे असे झाले. तिने डोळे मिटूनच विचारले, "मोठी की धाकटी?"

"काय?"

"बहीण. मोठी लिहिलीस की धाकटी?"

मी म्हटले, "ते विचारलं नाही."

"मग मोठी मीच," ती म्हणाली.

हे सगळे नातीला फोनवर सांगितले तेव्हा माझा आवाज थोडा चढला असेल. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने लॅटिनच्या पुस्तकातली एक गोष्ट मला वाचून दाखवली. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा म्हणून रोमन सैन्याचे ठाणे होते. तिथल्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ पत्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. त्यांतले एक १९८५ साली सापडलेले, इसवी सन १०० च्या सुमाराचे. एका ठाण्याच्या अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेवेरा दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याची पत्नी सुल्पिकिया लेपिदिना हिला आपल्या वाढदिवसाला बोलावते आहे. वाढदिवस ११ सप्टेंबरचा. मजकूर दुसऱ्याच कोणी सुबक अक्षरात लिहिला आहे, पण शेवटच्या चार ओळी सेवेराने आपल्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात घातल्या आहेत. बाईच्या हातचे इतके जुने लॅटिन अक्षर फार थोडे शिल्लक आहे. तू आलीस तरच माझा दिवस चांगला जाईल, अशा अर्थाचे ते पत्र आहे. थंडीवाऱ्यात, घरापासून इतक्या दूर, कोणी बोलायला नसलेल्या त्या दोघी!

"आणि आजी," नात म्हणाली, "ती तिला आमीका म्हणतच नाही. सोरोर म्हणते. सोरोर म्हणजे बहीण. सख्ख्या नव्हत्या त्या."

तिला 'आमीका' का लिहिता आले नाही, ते पत्रात नाही. जवळीक म्हणून 'बहीण' लिहिले असेल. आपणही लिहितोच, 'प्रिय भगिनी' म्हणून. पण ते ऐकताना मला तो खिडकीतला मऊ आवाजाचा मुलगा आठवला.

माझी सोबतीण आता काठी घेऊन चालते. आज ती आली नाही, कारण सभागृहाला जिना आहे. तिने माझे भाषण आधी ऐकून घेतले आणि लॅटिन कमी कर म्हणाली; मी केले नाही.

आता फक्त कार्यवाहबाईंना एक सांगायचे आहे. मंडळाच्या सभासदत्वाच्या नव्या अर्जात शेवटी 'संकटसमयी कोणाला कळवावे' असा रकाना आहे आणि पुढे 'नाते' आहे. माझा अर्ज मी भरून दिला आहे. त्यात 'मैत्रीण' लिहिले आहे, ते चुकून लिहिलेले नाही, कोणी दुरुस्त करू नये. फोन नंबर शेजारीच आहे. तिला हल्ली थोडे कमी ऐकू येते आणि काठी शोधून उठायला वेळ लागतो, तेव्हा घंटा जरा जास्त वेळ वाजू द्यावी.